आधी हॅटवाले की टोपीवाले

साताऱ्यातल्या एखाद्या कचेरीतलं जुनं रजिस्टर उचला, मधलं पान उघडा आणि दोरा संपतो तिथं बोट फिरवा. बोटाला बारकी, चपटी गाठ लागली तर ते रजिस्टर राहीबाईनं शिवलेलं. तिची गाठ सुटत नाही आणि वाचणाऱ्याला टोचतही नाही. बाकीच्यांनी शिवलेल्या वह्यांची पानं दोन वर्षांत हातात यायची, राहीबाईच्या वहीचा पुठ्ठा फाटायचा पण पान हलायचं नाही.

ही गाठ तिला बापानं शिकवली, मासे धरायचं जाळं विणताना. पाटणच्या वरच्या अंगाला कोयनेच्या काठी त्यांचं गाव होतं. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. बाप दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसायचा. पाणी चढायला लागलं तेव्हा ज्यांची नावं कागदावर होती त्यांना दुसरीकडं जमिनी मिळाल्या. बापाला कारकुनानं विचारलं, "तुझं नाव दाखव." बापानं हाताचे घट्टे दाखवले. घट्ट्यांवर कोण जमीन देतो? चंबूगबाळं उचलून माणसं साताऱ्याला आली. गाव गेलं, शेत गेलं, पोरीच्या बोटात गाठ तेवढी राहिली.

त्या गाठीवरच नानासोंनी तिला कामाला ठेवलं. नानासोंचा बाईंडिंगचा कारखाना पेठेतल्या एका बोळात होता. कारखाना म्हणायचं एवढंच. एक लांबडी खोली, विजेवर चालणारं कटिंग मशीन, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आणि पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या पातेल्याचा आंबूस वास. सात बाप्ये मशीनवर आणि पुठ्ठ्यावर. पाच बाया खाली जाजमावर बसून छापील कागदांच्या घड्या घालायच्या, पानं ओळीनं लावायच्या आणि दाभणानं शिवायच्या. पानं ओळीनं लावायच्या कामाला जुळणी म्हणत, आणि जुळणीत राहीबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. अक्षर एक येत नव्हतं, पण आकडे ओळखायची. आकडे नसले तर ओलीचा डाग बघायची, किडीचं भोक बघायची. कीड पान सोडून उडी मारत नाही; एका पानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. भोकाला भोक जुळवत राहीबाई अख्खं पुस्तक लावून द्यायची.

नानासो माणूस वाईट नव्हता. दिवाळीला बायांना लुगडं द्यायचा, "आक्का" म्हणून हाक मारायचा. फक्त एक होतं. वीज चालते आणि दहा माणसं कामाला आहेत म्हटलं की कारखान्याचा कायदा लागतो. नानासोंच्या हजेरीपटावर माणसं सात होती. पाच बाया कुठंच नव्हत्या. इन्स्पेक्टर बोळाच्या तोंडाशी दिसला की मशीनवरचा गुंडा नावाचा गडी हातोडी घेऊन लोखंडावर दोन ठोके द्यायचा. ते ऐकून बाया अर्धी शिवलेली पानं पदरात घेऊन मागच्या दारानं मारुतीच्या देवळात जाऊन बसायच्या. साहेब गेला की परत यायच्या. चौदा वर्षं हे चाललं होतं. बायांची हजेरी त्या मारुतीला तेवढी ठाऊक होती.

"नानासो, आमची बी नावं घाला की पटावर," असं सुलाबाई एकदा म्हणाली होती. सुलाबाई राहीबाईच्या शेजारची, तोंडानं फटकळ.

नानासो हसले. "आक्का, तुम्ही घरच्या. घरच्यांची हजेरी कुणी लावतं का?"

बायांना ते ऐकून बरंसुद्धा वाटलं होतं. काय सांगायचं!

मग त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात धोंडुबाईचा हात मशीनखाली गेला. गुंडा पाणी प्यायला गेला होता, काम घाईचं होतं, नानासो म्हणाले, "धोंडुबाई, जरा तेवढा गठ्ठा धर." पातं खाली आलं आणि डाव्या हाताची दोन बोटं पुठ्ठ्यावर राहिली. नानासोंनी स्वतः टॅक्सी केली, तिला मिरजेला नेलं, सोबत राहीबाईला घेतलं. दवाखान्यातल्या कारकुनानं विचारलं, "कुठल्या कारखान्यात झालं?"

नानासो म्हणाले, "कारखाना नाही हो. ओळखीची बाई आहे. घरी विळीवर कापलं."

आणि कागदावर विळी आली. धोंडुबाई पलंगावर ग्लानीत होती. राहीबाई शुद्धीवर होती, शेजारी उभी होती, आणि गप्प राहिली. औषधपाणी नानासोंनी केलं, त्यात त्यांनी हात आखडला नाही. पण बोटं नसलेल्या बाईला काम कुठलं? धोंडुबाई माहेरी आष्ट्याला भावाच्या दारात जाऊन बसली. राहीबाईला मात्र ते गप्प राहणं जेवू देईना. बापाला नाव विचारणारा कारकून आणि हा कारकून तिला एकच वाटायला लागला. कागदावर नाव नसलं की माणसाचं शेतही जातं आणि बोटंही जातात, हे तिनं दोनदा बघितलं होतं. तिसऱ्यांदा बघायचं नाही असं तिनं ठरवलं.

ठरवलं खरं, पण करायचं काय? तिला एकच वाट माहीत होती: कुणीतरी मोठा माणूस गाठायचा. गावात एक वकीलसाहेब होते. भाषणं झकास करायचे. बाया त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या. साहेब म्हणाले, "तुमची युनियन काढू. मी अध्यक्ष होतो. येत्या सोमवारी येतो." किती सोमवार गेले! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. राहीबाईचा नवरा जोतीराम बाजारात हमाली करायचा. तो म्हणाला, "वकील यायचा न्हाई आन तू गप बसायची न्हाईस. व्हती ती नोकरी घालवशील." पण राहीबाईचा भरवसा ढळला नव्हता. मोठा माणूस खाली उतरल्याशिवाय गरिबाचं काम होत नाही, असंच तिनं जन्मभर बघितलेलं. तिच्या लहानपणी पाटणच्या बाजारात सभा व्हायच्या तेव्हा पुढारी कोण असायचे? बालिस्टर, वकील, जमीनदारांची पोरं. आधी कोट-हॅट घालायची, मग ती टाकून खादी घालायची आणि मग रानात येऊन आपल्याबरोबर भाकरी खायची. पुढारी वरून खाली येतो, ही तिच्या लेखी निसर्गाची रीतच होती.

त्या हिवाळ्यात सुभेदार मानसिंगरावांचं पुस्तक आलं. सुभेदार कोरेगावकडचे, मोठ्या लढाईत इटलीत लढलेले, आता उसाच्या मळ्यात रमलेले. इंग्लंडातून आणलेलं एक पुस्तक त्यांना बांधून गावच्या वाचनालयाला द्यायचं होतं. पुस्तक कसलं, बत्तीस सुटी चित्रं उरली होती. पुठ्ठा नाही, पानावर आकडा नाही, खालचा काठ ओलीनं कुजलेला, त्याबरोबर चित्राखालची ओळही गेलेली. नानासोंनी गठ्ठा राहीबाईपुढं टाकला. "विलायतेतल्या कसल्याशा पार्टीचा इतिहास आहे, चित्रांचा. लाव आणि शीव."

राहीबाईनं पानं जाजमावर पसरली. कुठं कोळशानं काळे झालेले खाणकामगार. कुठं दाढीवाला एक माणूस, डोक्यावर कापडी टोपी, मागं भली मोठी गर्दी. कुठं कारखान्याच्या दारात ओळीनं उभ्या राहिलेल्या बाया, कमरेवर हात. कुठं फाटक्या बुटांनी पावसात चाललेला मोर्चा. आणि कुठं उंच काळ्या हॅटांचे साहेब मोटारीतून उतरताना. एकात तर भरल्या अंगाचे बाप्ये गुडघ्यापर्यंतची विजार आणि रेशमी मोजे घालून फोटोला उभे होते. सुलाबाई बघून इतकी हसली की नानासोंनी मान वर केली.

किडीनं आपलं काम चोख केलं होतं. एका टोकाच्या पानाला शेंगदाण्याएवढं भोक, दुसऱ्या टोकाला मोहरीएवढं. राहीबाईनं भोकाला भोक लावून घटकेत ओळ जमवली. पण कोण कुणाशेजारी एवढंच भोक सांगतं. पहिलं कोण ते सांगत नाही. एका टोकाला हॅटवाले, दुसऱ्या टोकाला खाणवाले. सुरुवात कुठल्या टोकानं करायची?

राहीबाईला क्षणभरही विचार करावा लागला नाही. आधी हॅटवाले. आधी मोठी माणसं, मग ती उतरत उतरत टोपीवाल्यांत आली आणि शेवटी खाणीत जाऊन गरिबांना भेटली. किती शहाणी माणसं! तिनं पुस्तक शिवलं, गाठ मारली, शिकंज्यात दाबलं. निळं कापड चढवलं.

सुभेदार न्यायला आले. उभ्याउभ्या पुस्तक उघडलं आणि कडाडले, "आवं नानासो, ह्ये काय क्येलंय? नातू म्होरं आन आजा माघारी! समदं उलटं बांधलंय!"

नानासोंनी राहीबाईकडं बोट दाखवलं. दुसरी कुणी असती तर रडली असती. राहीबाई उठून उभी राहिली. तिच्या जुळणीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"उलटं कसं सुभेदार? आदी ह्याटवालं, मग टोपीवालं. आपल्याकडं बी तसंच झालं की."

"आपल्याकडं झालं आसंल. तिकडं न्हाई." सुभेदार खाली जाजमावरच बसले. शिपाईगडी, राग जसा चढला तसा उतरला. "सेचाळीस साली लंडनला परेडला न्हेलं व्हतं आमास्नी. बागेत तंबू ठोकून ठिवलं. तितं एका बसच्या डायवरशी दोस्ती झाली. त्यानं घरी चा प्याला न्हेलं आन ह्ये पुस्तक दिलं. एक एक चित्र बोटानं दावून सांगितलं. पैलं ह्ये खानवालं. त्यांच्यासाठी बोलनारं सरकारात कोन नव्हतं. मग ह्यो दाडीवाला. ह्यो सोता पोरवयात खानीत राबल्याला. निवडून ग्येला. तिकडं सभागृहात उंच ह्याट घालून जायाची रीत. ह्यो कापडी टोपी घालून ग्येला. मग हळूहळू मजुरांची पार्टी वाढली, निवडून आल्यालं चाळीस झालं, शंभर झालं, आन शेवटी सरकार त्येंचंच आलं. मग ह्याट घालून राजाला भेटाया ग्येलं."

"आन त्ये रेशमी मोजं?"

"त्येबी त्येच." सुभेदार मिशीत हसले. "ह्याट घातल्यावर त्यातलं काय जन आपली टोपी इसरलं बी, आसं डायवर म्हनायचा. पर चढलं त्ये खालनंच."

राहीबाईनं खाणवाल्यांच्या चित्रावर बोट ठेवलं. मग तिनं हळूच विचारलं, "ह्येंस्नी म्होरक्या कुनी दिला? कोन वकील, बालिस्टर?"

"कुनी न्हाई दिला. त्येंच्यातलाच उभा ऱ्हायला. शिकल्याली मोठी मानसं आली, न्हाई आसं न्हाई. पर मागनं आली."

पुस्तक उसवणं शिवण्याहून अवघड. स्वतःची गाठ स्वतः कापायची म्हणजे जिवावर येतं, आणि राहीबाईची गाठ तर कापल्याशिवाय सुटत नव्हती. तिनं ती कापली, दोरा ओढून काढला आणि पानं पालटून लावायला घेतली. हॅटवाले खाली गेले, खाणवाले वर आले. तीच बत्तीस चित्रं, तीच भोकं, पण गोष्ट पार दुसरी. इतके दिवस आपण सोमवारी वकिलाची वाट बघितली, ती कशासाठी? तिला स्वतःचाच संताप आला. कारखान्याच्या दारातल्या बायांचं चित्र हातात आलं तेव्हा ती थांबली. दुपारच्या भाकरीला तिनं ते सगळ्यांपुढं धरलं.

"ह्या बी आपल्यागतच दिसत्यात," सुलाबाई म्हणाली. "पर ह्या दारात हायेत आन आपुन देवळात."

"व्हय," राहीबाई म्हणाली. "आता इन्स्पेक्टर आला की मी उठनार न्हाई."

चौघींत एक जण लागलीच म्हणाली, "माज्यानं न्हाई व्हायचं बाई. घरात सात तोंडं हायेत." तिला राहीबाईनं आग्रह केला नाही. कुणाला धरून बसवायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

इन्स्पेक्टर आला माघ महिन्यात, सकाळी अकराला. गुंडानं लोखंडावर दोन ठोके दिले. बायांचे पाय आपोआप हलले, चौदा वर्षांची सवय. सुलाबाई अर्धी उठली होती. राहीबाईनं दाभणात दोरा ओवला आणि वर न बघता म्हणाली, "ज्येला जायाचं त्येनं जावा." दोरा तिसऱ्या खेपेला ओवला गेला होता. सुलाबाई उभी राहिली, दाराकडं बघितलं, आणि बसली. तिच्याबरोबर आणखी एक बसली. सात तोंडांची बाई मागच्या दारानं गेली.

गुंडानं पुन्हा दोन ठोके दिले, आणखी जोरात. मग पुढच्या दारात साहेब उभा होता.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

नानासोंचा चेहरा कागदासारखा झाला. "घरच्याच आहेत साहेब. सहज आल्यात बसायला."

"बसायला? दाभण घेऊन?"

राहीबाई उठली. "साहेब, मी राहीबाई. चवदा वर्सं हितं शिवायचं काम करत्ये. ह्या सुलाबाई, दहा वर्सं. माजं नाव पटावर घ्या."

साहेब वैतागले असावेत. एका कामासाठी आले होते, चार निघाली. "बाई, चौदा वर्षं म्हणता. पुरावा काय? कागद आहे एखादा?"

पुन्हा तोच सवाल. नाव दाखव. राहीबाईच्या डोळ्यांपुढं बापाचे घट्टे आले. पण बापाजवळ नव्हतं ते तिच्याजवळ होतं. ती नानासोंच्या मेजाकडं गेली, सात नावांचा हजेरीपट उचलला आणि मधलं पान उघडलं. "हितं बोट लावा. ही गाठ माजी. हिकडं दुसऱ्या कुनाला येत न्हाई. ज्या पटावर माजं नाव न्हाई त्यो म्याच शिवलाय." मग साहेबांच्या काखेतल्या सरकारी रजिस्टराकडं बघून म्हणाली, "तुमचं बी उघडा. कचेरीच्या वह्या बी हितंच शिवत्यात."

साहेबांनी उघडलं. बोट फिरवलं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून पुन्हा बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "आणखी एकदा मारून दाखवा."

तिनं त्यांच्यासमोर मारली. साहेबांनी पेन काढलं आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा." राहीबाईनं सांगितलं, आणि त्याच दमात सांगून टाकलं, "साहेब, धोंडुबाईची बोटं विळीवर न्हाई ग्येली. ह्या मशीनवर ग्येली. मिरजेला मी शेजारी उभी व्हते. तवा बोलले न्हाई, आता बोलत्ये." बोलता बोलता तिचे डोळे वाहायला लागले, पण आवाज हलला नाही. साहेबांनी तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जाजम उचललेलं होतं. नानासोंनी काम दिलं नाही. तिघी उंबऱ्यावर बसल्या. तिसऱ्या दिवशी सात तोंडांची बाईही येऊन बसली, भाकरी घेऊन. नानासोंचे मोठे भाऊ घरी जा म्हणून सांगून गेले, जोतीराम घरी चिडला, गुंडा नजर चुकवून आत जात राहिला. राहीबाई रोज सकाळी आठला उंबऱ्यावर आणि संध्याकाळी सहाला घरी. काम नव्हतं, पण हजेरी चुकवली नाही. आत कचेरीच्या वह्यांचा गठ्ठा पडून होता आणि शिवायला हात नव्हते. अकराव्या दिवशी सरकारी कागद आला: सगळ्यांची नावं पटावर घ्या आणि मशीनवरच्या अपघाताचा जबाब द्या.

ही बातमी बोळाबाहेर गेली आणि काय आश्चर्य, वकीलसाहेब आले! तेही सोमवारीच. "शाब्बास बायांनो. आता युनियन रीतसर काढू. मी अध्यक्ष व्हायला तयार आहे."

जाजम पुन्हा पसरलं होतं; राहीबाईनं त्यांच्यासाठी त्याची धूळ झटकली. "या की साहेब. लय बरं झालं, कायदा सांगाया शिकलं मानूस पायजेच. पर बसा आमच्या मागं." वकीलसाहेब हसले. मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले, आणि खरोखरच मागं जाऊन बसले.

नानासोंनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा राहीबाईपुढं ठेवला. त्यांचा आवाज खाली आला होता. "नवा हजेरीपट पाहिजे. शीव आक्का."

"शिवत्ये. पर पैलं नाव धोंडुबाईचं."

"ती कामावर कुठंय?"

"तुमी विळीवर पाटवलीया. तितनं मी आनत्ये."

नानासोंनी होकाराची मान हलवली.

राहीबाई एस.टी.नं आष्ट्याला गेली. धोंडुबाई आधी यायलाच तयार नव्हती. "आता ह्या हातानं काय करू?" म्हणाली. "खळ लाव," राहीबाई म्हणाली, "खळीला दोन बोटं बास." मग तिच्यापुढं बसून म्हणाली, "त्या दिशी मी बोलले न्हाई. माजं चुकलं, धोंडे." दोघी रडल्या, भावजयीनं चहा केला, आणि संध्याकाळच्या गाडीला दोघी बसल्या.

सुभेदारांचं पुस्तक सुलट होऊन केव्हाच वाचनालयात गेलं होतं. नवा पट राहीबाईनं त्याच निळ्या कापडात बांधला. पहिल्या तारखेला नानासोंनी तो मेजावर उघडला. पहिल्या ओळीत धोंडुबाई, दुसरीत राहीबाई, मग सुलाबाई, मग बाकी सारे. मशीनवरच्या गुंडाचं नाव शेवटी आलं म्हणून तो दिवसभर घुम्यासारखा वावरला.

धोंडुबाईला सही येत नव्हती. नानासोंनी शाईची डबी पुढं सरकवली. तिनं डावा हात पदराखालून काढला. मिरजेहून आल्यापासून तो तिनं चारचौघांत बाहेर काढला नव्हता. मधली दोन बोटं नव्हती. अंगठा शाबूत होता. राहीबाईनं तिचं मनगट धरलं, तिनं अंगठा शाईत बुडवला आणि आपल्या नावापुढं दाबला.

मागच्या दाराला त्या दिवशी नानासोंनी स्वतः आतून कडी घातली.